"परत ओत," म्हणाले सार

माझा हात कोटाच्या बाहीत अर्धा गेला होता. सारांनी कॉलर धरून कोट मागे ओढला. बाही उलटी झाली, हात बाहेर आला आणि रांगेतली पोरं हसली.

कोट करिअर सेलचा. काळा. कुंभकोणमच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला सगळ्यांचे प्रोफाइलसाठी फोटो काढतात आणि सगळ्यांना तोच एक कोट. मुलगा असो, मुलगी असो. मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, पुढून साहेब. त्या कोटाने आजवर लाखभर पोरांना नोकरीला लावलं असेल, स्वतः मात्र अजून खिळ्यालाच लटकलेला. घामाने तो इतका कडक झालाय की आत माणूस नसला तरी उभा राहतो. खोटं बोलत असेन तर... बोलते थोडं. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

सार म्हणजे प्लेसमेंट ऑफिसर. आधी ते तमिळमध्ये बोलले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"हिला कोट नको. हिची स्टोरी वेगळी आहे. हिचा फोटो भट्टीपाशी काढू. इन्स्पायरिंग दिसेल."

मग वाकून, माझ्या कानाशी, मराठीत.

"तुमच्या लोकांना कोट शोभत नाही गं."

अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच. सार तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पूर्वज राजांबरोबर कारभार करायला आले. आमचेही राजांबरोबरच आले, घोड्यांची लीद काढत. घरात दोघांकडे तीच तीनशे वर्षांची मराठी, जी ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. उंबऱ्याबाहेर दोघांचं तमिळ. चार वर्षांत सार माझ्याशी मराठीत बोलले ते हे पहिलं वाक्य.

मी काय केलं? हसले. गल्लीत जिच्या तोंडाला कुत्री घाबरतात ती मी, दात दाखवून हसले. कारण कोइम्बतूरची पंपांची कंपनी यायची होती आणि तिच्याकडे कुणाकुणाची नावं पाठवायची ती यादी सारांच्या हातात होती. मेकॅनिकलला मी पहिल्या तिघांत. मला त्या यादीत नाव हवं होतं. त्यासाठी दात दाखवायला काय जातं, असं तेव्हा वाटलं.

माझे अप्पा स्वामीमलैला एका मूर्तींच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. मूर्ती घडवणारे वेगळे, त्यांना मान असतो, त्यांचे फोटो भिंतीवर असतात. अप्पा नुसता धातू वितळवतात आणि ओततात. आधी मेणाची मूर्ती होते. तिच्यावर मातीचे लेप. माती भाजली की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत अप्पा धातूची धार सोडतात. धार सुरू झाली की थांबायचं नाही. थांबलं तर आत गेलेला धातू थिजतो, मागून आलेला त्याला धरत नाही. मूर्ती आतून दुभंगते. मी सगळ्यांना सांगते की एकदा ओतताना भूकंप झाला, भिंत पडली, पण अप्पांची धार हलली नाही. भूकंप नव्हता, रस्त्याने लॉरी गेली होती. पण धार हलली नाही.

आता पुढचं. हे मी वाढवून सांगत नाही.

सार व्हिडिओवाल्याला घेऊन कारखान्यात आले. कॉलेजच्या पेजवर रील टाकायची होती. अप्पा भट्टीवर नेहमी जाड खाकी शर्ट घालतात, ठिणग्या उडतात म्हणून. सार मला म्हणाले, "शर्ट काढायला सांग. उघडं अंग खरं वाटतं."

मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

अप्पांनी शर्ट काढला. वितळलेल्या धातूने भरलेली मूस उचलली. दोन फुटी देवीच्या साच्यात धार सुरू झाली. सार मोबाइलमध्ये बघत होते.

"थांब, थांब. चेहरा अंधारात येतोय. परत ओत."

मराठीत म्हणाले. आणि अप्पा थांबले.

दोन श्वास. जास्त नाही. मूस तशीच हातात तोललेली. साच्याच्या तोंडाशी लाल धातू काळसर होत गेला. अप्पा त्याच्याकडे बघत होते. काय झालंय ते त्या कारखान्यात फक्त त्यांना कळलं होतं. मग त्यांनी उरलेला धातू ओतला. एक ठिणगी उडाली, उजव्या छातीवर बसली.

"हां, आता छान," सार म्हणाले.

दोन दिवसांनी साचा फोडला. देवीच्या कमरेभोवती पूर्ण वेढा घालून भेग. नख आत जाईल एवढी. मालक अप्पांना म्हणाले, "इतक्या वर्षांनी ओतायला विसरलास काय रे?"

अप्पा म्हणाले, "चुकलो."

जेवताना मी विचारलं, "का थांबलात?"

अप्पांनी भात कालवला. म्हणाले, "तमिळात ओरडले असते तर थांबलो नसतो, पोरी. कारखान्यात दिवसभर कोणी ना कोणी ओरडतंच. पण ती मोठ्या घरची मराठी. त्या मराठीत थांब म्हटलं की आपल्यात थांबतात. हात आपोआप थांबला."

हॉलमधलं माझं हसू आठवलं. ते तरी कुठे मी ठरवून हसले होते?

रील आली. अप्पांचं उघडं अंग तेलासारखं चमकतंय, मागे वीणा वाजतेय. वर मजकूर: "राखेतून शिखराकडे. आमच्या करिअर सेलने दिले पंख." खाली शेकडो जोडलेले हात आणि अश्रू ढाळणारे चेहरे.

सारांचा मेसेज आला. माझ्या नावाने आभाराची कमेंट, इंग्रजीत, तयार लिहिलेली. "ही रीलखाली टाक. अप्पांचा हात जोडलेला फोटोही लाव. यादी पाचला जाते."

मी स्वामीमलैच्या बसमध्ये होते. उतरले. स्टॉपवर उभी राहिले. पुढची बस आली, तिच्यात चढले, बसले, परत उठून दारात उभी राहिले. मोबाइल हातात गरम झाला होता. साडेचार.

मग रीलखाली तमिळमध्ये लिहिलं. "बाराव्या सेकंदाला बघा, धार तुटते. प्लेसमेंटच्या सारांनी थांबायला सांगितलं म्हणून तुटली. मूर्ती वाया गेली. बोल माझ्या वडिलांना लागला. अंगावरचा शर्ट सारांनी उतरवायला लावला, छातीवर डाग आहे. आणि मला कोट का मिळाला नाही तेही ऐका." सार कानात जे मराठीत बोलले होते ते शब्दाला शब्द तमिळमध्ये उतरवलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषांतर.

पाच मिनिटांत फोन. आवाज लोण्यासारखा, आणि मराठीत. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला गं? काढून टाक. यादीत नाव आहे तुझं."

मी म्हटलं, "सार, तमिळमध्ये बोला. स्पीकर चालू आहे. बस ऐकतेय."

फोन कट.

बसमध्ये दोनशे माणसं होती असं मी सांगत फिरते. नऊ होती. त्यातली एक बाई म्हणाली, "कोण आहे गं तो माणूस?" मी नाव सांगितलं. कॉलेजचंही.

पाचला यादी गेली. माझं नाव नव्हतं. पेजवरची कमेंटही उडवली. मी ती रीलसकट माझ्या प्रोफाइलवर टाकली, जिथे नोकरी देणारे बघतात असं सेलनेच चार वर्षं शिकवलं.

अप्पा म्हणतात, "काढ. तुझं वाटोळं होईल, माझंही होईल."

होईलही. मी अप्पांना घाबरट म्हणणार नाही, मीही त्याच भीतीवर वाढले. पण काढणार नाही. उद्या मालकांसमोर मी उभी राहणार आणि साच्यात काय झालं, कुणामुळे झालं, ते सांगणार. सोमवारी कंपनीची माणसं येतील. कॉलेजच्या फाटकाशी मी असेन. आत सोडलं नाही तर बाहेरच गाठीन, नाव सांगीन, मार्क दाखवीन, माझं नाव का गाळलं तेही सांगीन. त्यांनी तोंड फिरवलं तर मंगळवारी दुसरी कंपनी येते, तिच्यासमोर.

सारांना एवढंच. मराठीत बोला, तमिळमध्ये बोला. यापुढे तुम्ही मला जे बोलाल ते मी सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहीन.