षड्जाच्या आधी

दादा गेल्यावर त्याच्या घरगुती मैफलींच्या सीडी कपाटात तशाच पडून होत्या. जुन्या प्लेअरमधून आवाज फार किरटा यायचा, म्हणून वहिनींना घेऊन मी डॅक बघायला गेलो. सीडीवरच्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी ती लहानशी डबी. दुकानदाराने दादाची सीडी आधी एका डबीतून ऐकवली. आवाज गोड, भरीव होता. मला तीच आवडली.

"आता ही ऐका," तो म्हणाला. "हिच्यात जरा जास्तच ऐकू येतं."

तानपुरा सुरू झाला. षड्ज लावण्याआधी दादाने छातीभर श्वास घेतला, तो अगदी माझ्या कानाशी. मी दचकून मागे वळून पाहिलं. गाणं आपण जपून ठेवतो, श्वास मात्र नकळत त्यात उरतो.

वहिनींनी डोळे मिटले होते. "भावजी, हीच घेऊ या," त्या म्हणाल्या. "हिच्यात ते आहेत."

आता रोज संध्याकाळी वहिनी ती सीडी लावतात आणि मी शेजारच्या खोलीत ऐकत बसतो. आधी तानपुरा, मग तो श्वास. षड्ज काही लागत नाही. त्याआधीच वहिनी सीडी पुन्हा सुरुवातीला नेतात.