आईच्या हाताखाली माणसं मरत नसत

पुलगावात आईची कामं सुटली ती एकाच कारणामुळे. ती काम फार चांगलं करायची. कुणाला ही थट्टा वाटेल, तर वाटू द्या. त्या कामावर आम्ही जेवलो आणि त्याच कामापायी उपाशीही राहिलो.

आई-बाबा छत्तीसगडहून वीटभट्टीवर आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. बाबा भट्टीवरच तापाने गेले. हंगाम संपल्यावर मजुरांची टोळी गावी परतली, पण गावी आईची वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही पुलगावला लागूनच असलेल्या नाचणगावात एक खोली घेतली. पुलगावातल्या एका किराणा दुकानदाराच्या आईला लकवा झाला होता. तिचं हगणं-मुतणं काढायला सुनेला बाई हवी होती. इथल्या बाया ते काम घेत नसत. त्यांना जात होती, सोयरे होते, चार लोक काय म्हणतील याची धास्ती होती. परमुलखातल्या बाईला कोण काय म्हणणार? आई दुसऱ्याच दिवशी कामाला लागली.

डॉक्टर म्हणाले होते, बुढी दिवाळी पाहणार नाही. बुढीने चार-पाच दिवाळ्या पाहिल्या. आईच्या कामात जादू काही नव्हती. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी ठेवायची, खोबरेल चोळायचं. पेज चमच्याने भरवायची, पहिला घोट गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. ओला कपडा अंगाखाली राहू द्यायचा नाही. कंटाळा न करणं, एवढंच काय ते. एवढ्यावर पाठीला जखमा पडत नाहीत, आणि जखमा पडल्या नाहीत तर माणूस जगतं.

पहिल्यांदा सगळ्यांनी कौतुक केलं. मग एका रिटायर गुरुजींचं काम मिळालं, त्यांचंही मरण लांबलं, तेही लांबले. त्यानंतर एक विधवा आत्याबाई होत्या, त्याही लांबल्या. तेव्हा गावात बोललं जाऊ लागलं, "ते छत्तीसगडची बाई लावली का बुढं हटत नाई." जिच्या पायगुणाने माणसं मरतात तिला पांढऱ्या पायाची म्हणतात, हे मला ठाऊक होतं. आईच्या हाताखाली माणसं मरत नाहीत म्हणून लोक तिला टाळू लागले, तेव्हा तिला काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आई किराणावाल्याच्या सुनेकडे गेली, कुठे तरी शब्द टाका म्हणायला. मी सोबत होते. सून दुकानाच्या पायरीवर गहू निवडत बसली होती. तिने आईला बसायला पोतं दिलं, चहा दिला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हाताले दोष नाई. माह्या सासूले तुमी फुलासारखी ठेवली. पण माह्ये केस पिकले त्याच्यात. सख्ख्या बहिणीच्या लग्नाले जाता नाई आलं मले. कोनी इचारलं तं खोटं काऊन सांगू?"

तिच्यावर रागावताही येईना. हेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

कामं आमच्याच मुलखातल्या दुसऱ्या एका बाईला मिळू लागली. तिच्या हाताखाली घर दोन-चार महिन्यांत मोकळं होई. ती बाई काही वाईट नव्हती, तिला फक्त कूस बदलायचा आळस होता. आमच्या घरात डब्याच्या तळाशी तांदूळ खडखडत होते तेव्हा नाचणगावातलाच एक शेतकरी दारात आला. त्याचा बाप खाटेला खिळला होता. तो जमिनीकडे बघत बोलत होता.

"मावशी, सांगतलं तेवढंच करजा. पानी, जेवन, कपडे. बाकी देवाच्या हाती."

आईला कळलं. मी मिडल शाळेत होते, मलाही कळलं. तो गेल्यावर मी आईला म्हटलं, "तो म्हनते तसंच कर." त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भुकेल्या घराने दुसरं काय म्हणायचं?

काही दिवस आईने तसं केलं. मग एका दुपारी ती घरी जेवायला आली, भातात वरण कालवलं आणि तिचा हात थांबला.

"सकायपासून डाव्या कुशीवरच हाय तो."

"जेव तू," मी म्हटलं.

तिने ताटावर झाकण ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि मे महिन्याच्या उन्हात परत गेली. त्यानंतर तिने सगळं नेहमीसारखंच केलं. म्हाताऱ्याच्या पाठीवर पडू लागलेली जखम भरली. तो मुलाला ओळखू लागला, अद्रकाचा चहा मागू लागला. ज्या दिवशी त्याने चहा मागितला त्याच संध्याकाळी मुलगा आमच्या दारात हात जोडून उभा राहिला. "उद्यापासून नका येऊ, मावशी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, ते मी विचारलं नाही.

ते आईचं शेवटचं काम. पुढे ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला, निंदायला जात राहिली.

माझं लग्न होऊन मी पुलगावात राहायला आले. काही वर्षांनी आईला लकवा झाला, उजवी बाजू गेली. मी एका दुकानात कामाला होते, ती नोकरी सोडली आणि तिला घरी आणलं. मला हे काम एकाच पद्धतीने येतं. कूस, पेज, खोबरेल, कोरडा कपडा. नवरा वाईट बोलत नाही, पण घरात दुसऱ्या कशालाच जागा उरली नाही. मी आरशात पाहते तेव्हा मला ती किराणावाल्याची सून आठवते.

एका दुपारी मी तिला वळवत असताना ती वाकड्या तोंडाने म्हणाली, "नोनी, इतलं चांगलं नको करू." नोनी म्हणजे मुलगी. आमच्या मुलखातला तेवढा एक शब्द तिने जन्मभर सोडला नाही.

"काऊन?"

"लांबन मंग. तुह्यं कसं होईन?"

मला तिचा भयंकर राग आला. "मंग त्या दिवशी ताट टाकून काऊन गेलती तू?"

तिने डोळे मिटून घेतले. मी तिला डाव्या कुशीवर तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. भात वाढून घेतला, वरण घातलं, कालवलं. घास तोंडापर्यंत आणला आणि खाली ठेवला. मग हात धुतला आणि तिच्याकडे परत गेले. उजव्या कुशीवर वळवून पाठ पाहिली. पाठ कोरडी होती, एकही जखम नव्हती. आमची अजून बरीच वर्षं बाकी आहेत, हे तिलाही कळत होतं. ती रडत होती, मी खोबरेल चोळत होते.