इब्राहिमचा पेपीतो

शिलाईच्या दुकानात मशीनखाली चिंध्या साचतात, तसे किस्सेही साचतात. माणूस मापाला हात वर करून उभा राहिला की आपोआप बोलायला लागतो, आणि शिंप्याला कान बंद ठेवता येत नाहीत. कोरेगावच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराचे माझे बरेचसे किस्से एकाच माणसाभोवती फिरतात. तो म्हणजे आमच्या मोहल्ल्यातला इब्राहिम बागवान.

इब्राहिम फौजेत मोटार ड्रायव्हर होता. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जखमी झाला, तिथल्या दवाखान्यात बरेच महिने पडून राहिला आणि मग घरी आला. जखम भरली होती, पण पोरगं जेवत नव्हतं. ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि ताट तसंच सरकवायचा.

हे मला कळलं ते त्याच्या सदऱ्यावरून. त्याची आई, जुलेखा खाला, सदरा घेऊन दुकानात आली. "दस्तगीर, बाजूनं जरा आत घे. ढगळ हुतोय."

मी आत घेतला. थोड्या दिवसांनी तोच सदरा परत आला. पुन्हा आत घेतला. त्यानंतर आला तेव्हा मी म्हणालो, "खाला, आता शिवणीला कापड उरलं न्हाई."

ती म्हणाली, "मग कापड नगं बघू. माझं पोरगं कसं बाहीर काढायचं त्ये बघ."

मी सदरा ठेवून घेतला. शिवला मात्र नाही.

* * *

खालाचा दीर, म्हणजे इब्राहिमचा चुलता अमीनचाचा, बाजारात फळं विकायचा. त्यानं एके दिवशी पुतण्याला सरळ विचारलं, "तुला खावंसं तरी काय वाटतंय रं? तोंडानं सांग."

इब्राहिम म्हणाला, "पेपीतो."

चाचाच्या डोळ्यांत पाणी आलं. फळवाल्याच्या घरात पोरानं पपीता, म्हणजे पपई मागावी, याहून सोपं काय? तो तडक निघाला, कुणाकुणाच्या मळ्यातून हिंडला आणि संध्याकाळी पिकलेल्या पपयांची पाटीच घरात आणून ठेवली. खालानं फोडी केल्या. आम्ही शेजारीपाजारी दारात उभे.

इब्राहिमनं पाटीकडं बघितलं, मग चाचाकडं.

"चाचा, ह्ये फळ हाय," तो म्हणाला. "त्ये गोश्त हुतं."

त्यानंतर आठवडाभर सगळा मोहल्ला पपई खात होता. इब्राहिम सोडून.

* * *

उलगडा केला संभाजीनं. हा कोरेगावच्याच शिवारातला, उसाचा मळा असलेला गडी. लढाईत इब्राहिमच्या बरोबर होता, आणि मिसरच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्याच पलंगावर. मी त्याला दुकानात बसवलं.

"तितं एक खलाशी हुता," संभाजी म्हणाला. "होसे नावाचा. त्याचं जहाज बुडालं हुतं. येनेझुएलाचा."

"ह्ये कुठं आलं?"

"अमेरिकेच्या खाली कुटंतरी. त्याला ना आमची भाषा, ना आमाला त्याची. पर इब्राहिमचं आन त्याचं लय जमलं. होसे भटारखान्यातनं मोठ्याचं, म्हंजी बैला-रेड्याचं, मटण पैदा करायचा. पातळ पट्ट्या कापून तव्यावर परतायचा, कांदा, लसूण, मिरची. मग लांबडा पाव उभा चिरून त्यात भरायचा आन वरनं हिरवा रस्सा. त्याच्या गावात हातगाडीवर मिळतं म्हनं. पेपीतो त्याचं नाव."

"चवीला कसं?"

"मी कुटं खाल्लंय? मोठ्याचं आमाला चालत न्हाई. वासावरनं सांगतोय."

"आणि तो होसे आता कुठं असतो?"

संभाजी टोपी काढून तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "एक दिवस सकाळी त्याचा पलंग मोकळा हुता. चादर बदललेली. घरी धाडला का आनि काय, आमाला कुनी सांगितलं न्हाई. इब्राहिम समद्यास्नी विचारत हिंडला."

जाताना उंबऱ्यावर थांबला. "दस्तगीर, ह्यात माझं नाव नगं घिऊस गड्या. आमच्या घरी कळलं तर आई मला घराच्या सोप्यात बी घ्यायची न्हाई."

* * *

पेपीतो इथंच करायचा ठरला, पण मटणाचा प्रश्न वाटला त्याहून अवघड निघाला. आमचा खाटीक बाबू मुलाणी रेड्याचं द्यायला तयार होता. अडचण होती अमीनचाचाची.

"आमच्या घरात आजवर मोठ्याचं शिजलं न्हाई," चाचा म्हणाला. "गिऱ्हाईक समदं मराठ्यांचं, बामनांचं. सत्यनारायनाला क्येळी माझ्याकडनं जात्यात. उद्या कुनी म्हनलं, बागवानाच्या चुलीवर मोठ्याचं शिजतंय, तर माझ्या क्येळ्याला कोन हात लावंल?"

खालाला दिराचंही खरं वाटत होतं. दिवस वाईट होते. मुंबईकडच्या दंग्यांच्या बातम्या ऐकून माणसं पूर्वीसारखी मोकळी बोलत नव्हती. उगाच कुणाच्या तोंडी विषय नको, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

शेवटी मीच म्हणालो, "माझ्या परसात शिजवू. माझ्याकडं कुणी क्येळी घ्यायला येत न्हाई."

घरी येऊन बायकोला, खतिजाला, सांगितलं. ती म्हणाली, "आवं, गिऱ्हाईक तुमचं बी त्येच हाय की."

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

* * *

तसला लांब पाव कोरेगावात नव्हता, साताऱ्यातही मिळाला नाही. सांगलीत एक गोव्याचा पाववाला आहे असं कळलं. रेशनचे दिवस. मी घरचंच गव्हाचं थोडं पीठ घेतलं आणि निघालो. पीठ नेताना कुणी अडवलं तर काय, या धास्तीनं ते सुताच्या रिळांच्या डब्यात भरलं होतं.

पाववाल्यानं विचारलं, "लांब म्हणजे केवढा?"

संभाजीनं हात करून दाखवलं होतं तेव्हाच मी टेप लावून घेतली होती. ते माप सांगितलं. पाववाला हसला, पण भाजून दिला. तपकिरी, जरा वाकडा, पण लांब. मी तो कोऱ्या मांजरपाटाच्या कापडात गुंडाळला आणि मिरजेला येऊन गाडीत बसलो.

कराडला एक हवालदार डब्यात चढला. त्या काळात आमच्या जिल्ह्यात भूमिगत मंडळींचा तपास चालायचा, आणि पोलिसांना लांबट बोचक्याचा भारी संशय. माझ्या मांडीवर तेच होतं.

"काय हाय त्यात?"

"पाव, साहेब."

"एवढा लांब?"

मी गाठ सोडायला लागलो. ज्या हातांनी मी बटणांची बारीक काजं करायचो, त्यांना स्वतःचीच गाठ सुटेना. हवालदारानं काठीचं टोक बोचक्यावर ठेवलं. शेजारची माणसं सरकून बसली.

गाठ सुटली. त्यानं पाव उचलला, हुंगला, वाजवून बघितला. "कुनासाठी?"

"आजारी माणसासाठी."

"किती लांब हाय त्यो मानूस?"

डबा हसला. मला हसता आलं नाही. त्यानं एका बाजूचा शेंडा मोडला, आत बोट घालून बघितलं, मग तो शेंडा तोंडात टाकला आणि पुढच्या स्टेशनावर उतरून गेला. कोरेगाव येईपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटलेला होता.

* * *

राहिला हिरवा रस्सा. संभाजी सांगत होता की होसे त्यात एक फळ कुस्करायचा. वरून हिरवं, आत लोण्यासारखं, आणि चवीला म्हणे असं काहीच नाही. अमीनचाचानं डोकं खाजवलं. कवठ? नाही. कच्चा पेरू? नाही. तो दोन बाजार हिंडून आला आणि हताश होऊन परसाच्या दारात बसला. "उभा जन्म फळात गेला माझा. असलं फळ न्हाई बघितलं."

खतिजा पाट्यावर कोथिंबीर, लसूण आणि हिरवी मिरची वाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"लोन्यासारखं हाय ना? मग लोनीच घाला की."

तिनं लोणी घातलं, वर लिंबू पिळलं. संभाजीला वास घ्यायला बोलावलं. त्यानं डोळे मिटून वास घेतला आणि नुसती मान हलवली. हो म्हणाला का नाही, ते कुणालाच कळलं नाही, आणि विचारायचा धीरही कुणाला झाला नाही.

* * *

दुपार होती. परसाचं दार आतून लावून घेतलं होतं. मुलाण्यानं मटणाच्या पट्ट्या अशा पातळ कापून दिल्या होत्या की मी कापडाला कात्री लावताना एवढा जपत नाही. खतिजानं त्या तव्यावर परतल्या, कांदा टाकला, पाव उभा चिरून भरला, वर हिरवं घातलं. संभाजी परसाच्या ओट्यावर आमच्याकडं पाठ करून बसला होता. खाला चुलीजवळ बसली होती, आणि चाचा दाराला टेकून बाहेरची चाहूल घेत होता.

खतिजानं ताट इब्राहिमच्या पुढ्यात ठेवलं.

त्यानं पावाकडं बघितलं. मग सुरी मागितली. पाव मधोमध कापला. एक अर्धा आपल्या ताटात ठेवला. दुसरा एका थाळीत घालून ती समोर, एका मोकळ्या पाटापुढं ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

खाईना.

मटण गार व्हायला लागलं. लोणी पावात मुरत होतं. खतिजानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. आता ताट सरकवणार, असं वाटलं. ओट्यावर संभाजीनं मागं वळून बघितलं. मोकळा पाट बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

"होसेचा वाटा," तो पुटपुटला.

मग जुलेखा खाला चुलीजवळून उठली. हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या मोकळ्या पाटावर लेकासमोर जाऊन बसली. "बिस्मिल्ला" म्हणाली. दोन्ही हातांनी तो अर्धा पाव उचलला आणि मोठा घास घेतला. हिरवं हनुवटीवर ओघळलं. ती चावत राहिली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी चावत राहिली.

इब्राहिम तिच्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानं आपला अर्धा उचलला.

"अम्मा, सावकास," तो घास घेत म्हणाला. "मिरची लय हाय."