त्याचं बोट

रक्ताच्या नळीवर त्याचं नाव मीच लिहायचे, पण ते इथे सांगणार नाही. खांडबाऱ्याहून सकाळच्या गाडीने तो रोज नंदुरबारला आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात यायचा, नशा सोडवणारी गोळी सिस्टरसमोर जिभेखाली विरघळवायचा आणि मग माझ्या टेबलाशी रेंगाळायचा.

नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरलेली, म्हणून तिथे सगळ्यांचं रक्त हिपॅटायटिस सीसाठी तपासतात. पंधरा वर्षं मी रक्त काढतेय. पण टोचून टोचून या लोकांच्या शिरा बसलेल्या. दोनदा चुकलं की माणूस हात मागे घ्यायचा. तेव्हा हा पुढे व्हायचा, डोळे मिटून त्या हातावरून बोट फिरवायचा आणि एका जागी थांबायचा. "ताई, आठे दखा." तिथेच रक्त यायचं. पुढे पुढे लोक म्हणू लागले, "त्याले येऊ द्या, मंग काढा." माझा नुसता जळफळाट व्हायचा. सर्टिफिकेट माझं आणि भरवसा त्याच्या बोटावर.

त्यालाही हिपॅटायटिस सी निघाला होता. त्यावरच्या औषधाचा कोर्स संपवून तीन महिन्यांनी तो शेवटच्या तपासणीला बसला. एरवी उजवा हात द्यायचा, त्या दिवशी डावा दिला. मीच चाचपून शीर शोधली. पहिल्याच टोचण्यात नळी भरली. मी जरा तोऱ्यातच त्याच्याकडे पाहिलं.

कापूस दाबत तो म्हणाला, "हाई शीर मी कोनलेच टोचू दिन्ही नही, ताई. तुमनाकरता ठेयेल व्हती."

रिपोर्ट चांगला आला. त्या केंद्रात मी एकच शीर स्वतः शोधली, असं मला वाटलं होतं. तीही त्यानेच दिलेली.