जास्तीचं रक्त

"अहो, माझं रक्त कमी नाही, जास्त झालंय! किती वेळा सांगू?" मास्तरीणबाईंनी बिटाच्या रसाचा पेला नवऱ्याकडे परत सरकवला.

"जास्त रक्त हा काय आजार झाला?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आम्ही रक्त वाढावं म्हणून टॉनिक प्यायचो."

वीस वर्षं बायकांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंना डॉक्टरांनी परवाच सगळं समजावलं होतं. आजार दुर्मिळ होता आणि जन्माचा सोबती होता. अधूनमधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं, त्या दिवशी आराम करायचा, दुसऱ्या दिवसापासून गाडी खुशाल चालवायची.

"मी तुझी शिकवणी बंद केलीय," नवरा पेल्याकडे बघत म्हणाला. "सध्या शिकायला येतात त्या तिघींनाही फोन करून सांगितलं."

"मला न विचारता?"

"तुझ्या काळजीपोटीच गं."

"काळजी खुशाल करा. पण शेजारी बसून ब्रेक दाबायचं काम माझं आहे, तुमचं नाही."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या तिघींना फोन लावले. मग स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंगळवारी रक्त काढून येणार. बुधवारी सकाळी सात वाजता शिकवणी सुरू."