लोब पंप आणि माझ्या बांगड्या

पिंपळगावच्या टोमॅटोच्या कारखान्यात मी माल निवडायला होते. आमच्या पट्ट्याच्या पुढे लोब पंप होता. त्याच्या पोटात तीन-तीन पाकळ्यांचे दोन स्टीलचे लोब उलटसुलट फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. मागचे गिअर त्यांना अंतर राखून फिरवतात. पाकळी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत गर अडकतो आणि पुढे ढकलला जातो. चिरडत नाही, म्हणून फोडी, बिया तशाच जातात. वायनरीत द्राक्षाचा लगदा आणि डेअरीत दही असल्याच पंपाने नेतात, असं फिटर सांगायचा.

पंप रोज उघडून धुवायचा आणि लोब खुणेला खूण लावून परत बसवायचे. ते काम सुपरवायझरचं.

एका सकाळी पंप सुरू होताच खडखडला आणि बंद पडला. लोबचे टवके उडाले, सगळा गर फेकावा लागला. सुपरवायझर थेट माझ्याकडे आला. बांगड्यांना बंदी होती, तरी लग्न झालेल्या सगळ्याच जणी हातात एकेक काचेची ठेवून वर फडकं बांधत. त्याला ते ठाऊक होतं.

"हिचीच बांगडी पडली पंपात," तो म्हणाला.

मी दोन्ही हात दाखवले. "ही एक, ही एक. पडली कुठली, साहेब?"

त्याने पक्कड घेतली आणि सगळ्यांसमोर दोन्ही फोडल्या. नवरा जिवंत असताना. वर कामावरून काढलं.

मी फाटकाशी फडकं सोडत होते, तेव्हा फिटरने पंप उघडला. तो सुपरवायझरला मोठ्याने म्हणाला, "यात काच नाय, साहेब. तुम्ही खुणा न जुळवता लोब बसवले. एकमेकांवर आपटले." तरी साहेबाने मला परत बोलावलं नाही.

पुढल्या पावसाळ्यात नवरा गेला. मी संबंध लावत नाही. सासूने लावला, मरेपर्यंत लावला.

आता गावातल्या बायका कामाला माझ्या शब्दावर जातात. गेल्या हंगामात तोच सुपरवायझर पेढे घेऊन दारात आला. स्वतःचा कारखाना काढला होता.

"मावशी, ओळखलं का? निवडायला बायका पाहिजेत."

"ओळखलं. पंप कोण बसवतं तुझ्याकडे?"

तो हसला. "आहे माणूस."

"मग बायकांना बोलावते. त्यांच्यासमोर सांग, तेव्हा पंप कुणी मोडला."

"जाऊ द्या ना मावशी, जुनं झालं."

"मग पेढे उचल."

एकही बाई गेली नाही. त्याने सटाण्याकडून माणसं आणायची खटपट केली, तोवर माल पिकून फुटला. आठवड्याने मी टेम्पोतून त्या रस्त्याने गेले. फाटकाबाहेर टोमॅटोचा ढीग सडत होता आणि तो शेजारी उभा होता. टेम्पोवाल्याने नाकाला रुमाल लावला. मी त्याला म्हटलं, "जरा हळू घे."