बाबांच्या मापाची दोरी

वडसा स्टेशनवर मला सोडायला बाबा तलावावरून सरळ आले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि डिसेंबरची सकाळ. आई माझ्या बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासत होती. गोंदियाकडे जाणारी गाडी लागली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "तिकडची थंडी कशी असते? आपल्या पाण्यातल्यावानी, का येगळी?" मी म्हटलं, माहीत नाही, गेल्यावर सांगते.

गेल्यावर सांगितलं नाही.

मी हिमाचलात पालमपूरला आले, चहाच्या रोपांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. दिवसभर काचेच्या बाटल्यांतली रोपं, लेबलं, हातमोजे. घरी रोज फोन व्हायचा, पण तो आईशी. बाबांच्या हातात फोन गेला की जेवलीस का, हो, थंडी आहे का, आहे, की संपलं. आमचं कधी भांडण झालं नव्हतं. आमच्याकडे विषयच नव्हता.

लहानपणी बाबा अंगणात जाळं विणत बसायचे. मी जवळ गेले की म्हणायचे, "तू आपला अभ्यास कर. हे तुह्या कामाचं नाई." मला ते सोयीचं होतं. कॉन्व्हेंटमध्ये वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी 'फिशरीज' म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते सरकारी खातं वाटायचं आणि मी वाटू द्यायचे. बाबांना हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण सातवी-आठवीपासून त्यांनी मला तलावाचं काही सांगणं बंद केलं.

पालमपूरला घरमालकीण, जिला मी आंटी म्हणते, गच्चीवर उन्हात विणत बसायची. बोलता बोलता, भाजीवाल्याशी घासाघीस करता करता, सुयांकडे न पाहता. मी कितीतरी रविवार नुसती बघत होते. शेवटी तिनेच सलाया, म्हणजे विणायच्या सुया, माझ्या हातात दिल्या. फंदा म्हणजे टाका, मग सीधा, उलटा, हे शब्द मी प्रयोगशाळेतल्या शब्दांसारखे वहीत लिहून घेतले. मला नवल वाटायचं ते एका गोष्टीचं: इतक्या मोठ्या कापडात एकही गाठ नाही. एक टोक ओढलं की सगळं उसवतं, तरी अंगावर वर्षानुवर्षं टिकतं. मग जाळ्याचं कसं असतं? अठरा वर्षं डोळ्यांसमोर विणलं गेलेलं जाळं कसं होतं, ते मला सांगता येईना.

बाबांसाठी स्वेटर करायचा हे तेव्हा ठरलं. पहाटे पाण्यातून बाहेर आल्यावर ते फक्त एक जुनी शाल गुंडाळतात. मी आईला माप पाठवायला सांगितलं. महिन्याभराने सुक्या झिंग्यांच्या पुडीसोबत नायलॉनची एक दोरी आली. तिला तीन गाठी होत्या: छाती, लांबी, बाही. दोरी बाबांनी स्वतः मोजून दिली होती.

आंटी दोरी पाहून म्हणाली, "तेरे पापा पहलवान हैं क्या?" मी हो म्हटलं. मला ते माप खोटं वाटलंच नाही. दोन वर्षं बाबांना पाहिलं नव्हतं, आणि मनातले बाबा तेवढेच रुंद होते.

सगळा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा मी मेंदी रंगाची लोकर विणली. या जानेवारीत घरी गेले आणि स्वेटर बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोक्यातून घातला. खांदे कोपरांपर्यंत उतरले, बाह्या बोटांच्या पुढे लोंबायला लागल्या. आई हसत सुटली. म्हणाली, "एका बाहीत तुमी घुसा, दुसऱ्या बाहीत मी घुसतो. थंडी सरली."

मला हसू आलं नाही. मी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच काही केलं होतं आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या मापाचं झालं होतं. मी स्वेटर परत घ्यायला हात पुढे केला. बाबांनी दिला नाही. अंगावरच ताणून, बोटांनी मोजत ते विचार करत राहिले.

"चुकी तुही नाई," ते म्हणाले. "मीच तिसरा हिस्सा वाढवून दोरी देल्ली. जाळं दोरीवर चढवलं का आटते ना. म्हून जास्तच धरा लागते. हे कशावर चढवतेस?"

"कशावरच नाही, बाबा. विणलं तेवढंच राहतं."

"काऊन?"

त्या 'का'ला हो किंवा नाही म्हणून भागणार नव्हतं. मी स्वेटरची खालची कड उलगडून दाखवली. त्यांनी गाठ शोधली, सापडली नाही. गाठ नाही तर हे थांबतं कशानं, हे विचारताना त्यांचा चेहरा अगदी शाळेतल्या मुलासारखा झाला होता. एक फंदा दुसऱ्या फंद्याला कसा धरून ठेवतो ते मी दाखवत गेले. मराठीत सुचेना तिथे हिंदीत, तिथेही अडले तर हातांनी.

तीन दिवस आम्ही अंगणात बसून तो स्वेटर उसवला. मी लोकरीचे गुंडे करत होते, ते त्यांना पटेना, गुंडा घरंगळतो. त्यांनी लोकर जाळं विणायच्या बांबूच्या सुईवर गुंडाळली, आणि ते खरंच बरं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धवट जाळं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, "आण इकडं हात." माझी पहिली गाठ निसटली. "ह्या जाळ्यातून मासोळी हसत हसत जाईन," ते म्हणाले. सातवी गाठ त्यांनी ओढून पाहिली आणि जाळं परत माझ्याकडे सरकवलं. पुढची मीच मारली.

निघण्याआधी मी त्यांचं माप घेतलं, टेपने. बाबा चांगलेच बारीक आहेत. हे कळायला मला टेप लागली.

तुमच्यातले जे माझ्यासारखे दूर गेलेत, त्यांना बहुधा घराचं सगळं पाठ असल्यासारखं वाटत असेल. मलाही वाटायचं. आता घर म्हटलं की मला काय काय विचारायचं राहिलंय ते आठवतं: कुठल्या माशाला केवढं जाळं, पाणी कमी झालं की काय करता. मी विचारते. बाबा सांगतात, कधी कधी अर्धा तास. तिकडची थंडी पाण्यातल्यासारखी नाही, कोरडी असते, हेही मी सांगून टाकलं.

काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन केला. स्वेटर पुन्हा छातीपर्यंत आलाय, असं मी म्हटल्यावर त्यांनी विचारलं की गळा कसा पाडतात, जाळ्याला तर गळा नसतो. मी मधले फंदे बंद करायचे, दोन्ही बाजू वेगळ्या विणायच्या, असं सांगत होते. सुट्टी संपत आली होती.

"थांब," बाबा म्हणाले. "समजलं नाई. पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.